रोटाव्हायरस आणि बाळ: लसीची तारीख, ओआरएसचा चमचा आणि घाबरायचं कधी

पहिलंच बाळ असलं की दीड महिन्याच्या लसीकरणाला आईबापाचं सगळं लक्ष सुईकडे असतं. सुई किती दुखेल, ताप येईल का, मांडी सुजेल का, आणि त्या गडबडीत नर्स बाळाच्या गालात थोडंसं औषध सोडते ते पोलिओचंच असणार असं समजून आपण पुढे सरकतो. त्या तोंडातून दिलेल्यात बऱ्याचदा एक लस रोटाव्हायरसची असते. टोचत नाही म्हणून कुणी तिच्याबद्दल फार विचारत नाही, आणि गंमत म्हणजे वेळेच्या बाबतीत सगळ्यात कडक लस हीच. बाकीच्या बऱ्याच लसी उशिरा का होईना देता येतात, हिची मात्र खिडकी असते, ती बंद झाली की झाली. म्हणून हा लेख नवीन आईबाबांसाठी, काम ज्या क्रमाने समोर येतं त्याच क्रमाने लिहितोय.

आधी हे नक्की काय आहे ते समजून घ्या

रोटाव्हायरस हा लहान मुलांच्या जोरदार जुलाबांचं मोठं कारण. १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जुलाबाने आजारी मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हा विषाणू पहिल्यांदा दिसला. लस यायच्या आधी जगातल्या जवळपास प्रत्येक मुलाला पाच वर्षांचं होईपर्यंत एकदा तरी तो होऊन जायचा, श्रीमंत देश असो की गरीब. हे मुद्दाम सांगतोय कारण "आमच्याकडे खूप स्वच्छता आहे, आम्हाला नाही होणार" हे वाक्य फार ऐकू येतं. स्वच्छता हवीच, पण नुसत्या स्वच्छतेने हा थांबत नाही. आजारी मुलाच्या शीमध्ये तो प्रचंड प्रमाणात असतो, लागण व्हायला अगदी थोडे कण पुरतात, आणि खेळण्यांवर, दाराच्या कड्यांवर, डायपर बदलायच्या जागेवर तो कित्येक दिवस टिकतो. एवढ्या लहान मुलाचा हात दिवसातून किती वेळा तोंडात जातो ते तुम्हाला माहितीच आहे.

आत शिरला की साधारण दोन दिवसांत लक्षणं सुरू. बहुतेक वेळा आधी उलट्या आणि ताप, मग पाण्यासारखे जुलाब, तेही दिवसातून एकदोनदा नाही, डायपर बदलून होत नाही तोवर परत. हे ३ ते ८ दिवस चालू शकतं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, पाणी आणि अन्न शोषून घेणारे, त्यांच्या टोकावरच्या पेशी हा विषाणू मारतो, म्हणून प्यायलेलं शोषलं जात नाही आणि खाली वाहून जातं. म्हणजे बाळाला धोका असतो तो मुख्यतः शरीरातलं पाणी आणि क्षार संपण्याचा. हे एक डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप समजतं, जुलाब "बंद" करायच्या मागे लागायचं नाही, गेलेलं पाणी परत भरायच्या मागे लागायचं.

सहा महिने ते दोन वर्षं हा काळ जास्त जपायचा. पहिली लागण सहसा सगळ्यात जोरात असते, नंतरच्या हलक्या होत जातात, कारण शरीराने ओळख ठेवलेली असते. लसही हेच करते, ती पहिली ओळख आजाराशिवाय करून देते.

पहिलं काम: बाळ सहा आठवड्यांचं होण्याआधी कॅलेंडर काढा

पहिला डोस सहा आठवडे पूर्ण झाल्यावर लवकरात लवकर, आणि दोन डोसांमध्ये कमीत कमी चार आठवडे. एवढं बहुतेक ठिकाणी सारखं. वरची मर्यादा मात्र देशागणिक वेगळी. अमेरिकेत पहिला डोस १४ आठवडे ६ दिवसांच्या आत आणि शेवटचा आठ महिने पूर्ण होईपर्यंत असा नियम आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वेळेवर द्या, पण उशीर झाला म्हणून मूल सोडून देऊ नका, फक्त दोन वर्षांपुढे देऊ नका. तुमच्या इथला नियम काय आहे ते पहिल्या भेटीतच विचारून घ्या आणि लसीकरणाच्या कार्डावर पेनाने लिहून ठेवा, "या तारखेनंतर पहिला डोस नाही" असं स्पष्ट. सर्दी आहे म्हणून पुढच्या आठवड्यात, पाहुणे आहेत म्हणून त्याच्या पुढच्या, असं करत करत सरकलेली तारीख इथे महागात पडते. साधी सर्दी, बारीकसा ताप, एखाददुसरी पातळ शी, यासाठी डोस पुढे ढकलायची गरज नसते.

एवढी घाई का, तर दोन कारणं. एक म्हणजे आजार गाठायच्या आत संरक्षण तयार व्हायला हवं. दुसरं कारण थोडं इतिहासातलं आहे पण समजून घेण्यासारखं. १९९८ मध्ये अमेरिकेत रोटाशील्ड नावाची पहिली लस आली आणि पुढच्याच वर्षी बाजारातून काढून घेतली गेली, कारण काही बाळांमध्ये आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकायचा प्रकार वाढलेला दिसला. हा प्रकार लस न घेतलेल्या बाळांमध्येही होतोच, आणि तो साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून वाढतो, म्हणून पहिला डोस त्या वयाच्या आधी देणं बरं असं ठरलं. त्यानंतरच्या लसींच्या चाचण्या मग हाच धोका तपासायला दहा-दहा हजारांच्या पटीत मुलं घेऊन झाल्या. आजच्या लसींमध्येही हा धोका अगदी शून्य नाही, कित्येक देशांच्या आकडेवारीत तो साधारण २० हजार ते १ लाख बाळांमागे एक जास्तीची केस इतका दिसतो, आणि ती वेळेवर सापडली तर बरी होते. समोरच्या पारड्यात काय आहे तेही बघा: २००० सालच्या आसपास रोटाव्हायरसने जगात दरवर्षी पाच लाखांच्या वर लहान मुलं जात होती, २०१३ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने हा आकडा सुमारे २ लाख १५ हजारांवर आला. सगळं श्रेय लसीचं नाही, ओआरएस आणि पाणी सुधारणं हेही त्यात आहे, पण लसीचा वाटा मोठा आहे. मला स्वतःला हिशोब अगदी स्पष्ट वाटतो.

कोणती लस? (यावर लोक उगाच जास्त वेळ घालवतात)

रोटारिक्स दोन डोसांची. रोटाटेक, रोटाव्हॅक, रोटासिल या तीन डोसांच्या. सगळ्या तोंडातून द्यायच्या, सगळ्यांत जिवंत पण कमजोर केलेला विषाणू. रोटाव्हॅकचे फक्त ५ थेंब असतात तर रोटासिलचा डोस २ ते अडीच मिली, त्यामुळे शेजारच्या बाळाला "एवढंसंच" दिलं आणि आपल्याला "एवढं" दिलं म्हणून घाबरायचं कारण नाही, लसच वेगळी. या चारही लसींना जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. जिथे लसीकरण करताय तिथे जी मिळते ती घ्या, वेळेवर घ्या, आणि शक्यतो सगळे डोस एकाच लसीचे घ्या. तीच मिळत नसेल तर तिच्यासाठी थांबून तारीख घालवू नका, डॉक्टर दुसरीने पूर्ण करतील, फक्त कार्डावर प्रत्येक डोसचं नाव लिहिलेलं असू द्या म्हणजे एकूण किती डोस लागणार ते ठरवता येतं.

लस घेतली म्हणजे आयुष्यात जुलाब होणार नाहीत असं कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. जुलाब करणारे इतर विषाणू आणि जिवाणू ढीगभर आहेत, त्यांच्यावर ही चालत नाही. रोटाव्हायरससुद्धा होऊ शकतो, पण हॉस्पिटलपर्यंत जायची वेळ येण्याची शक्यता खूप कमी होते. गंभीर आजाराविरुद्धचं संरक्षण श्रीमंत देशांत ८५ टक्क्यांच्या वर दिसतं, गरीब देशांत ते बरंच कमी, पण तिथे मुळात आजारी पडणारी मुलंच इतकी जास्त की एकूण वाचणारे जीव तिथेच जास्त.

लसीच्या दिवशी

पोट अगदी टच्च भरून नेऊ नका, नाहीतर लस आणि दूध दोन्ही अंगावर. अंगावरचं दूध लसीआधी किंवा नंतर बंद ठेवायची गरज नाही, बाळ मागेल तेव्हा पाजा. इतर लसी, टोचायच्या असोत नाहीतर तोंडातून पोलिओची, त्याच दिवशी चालतात. बाळाला मांडीवर अर्धवट आडवं धरायचं, डोकं थोडं वर, आणि औषध जिभेवर नाही तर गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, एकदम पिचकारी मारली की बाळ जिभेने सगळं बाहेर ढकलतं. थोडं ओघळलं तर चालतं. सगळंच उलटून टाकलं तर तिथेच नर्सला सांगा, परत द्यायचं की नाही हे त्या त्या लसीच्या आणि देशाच्या नियमावर असतं, बऱ्याच ठिकाणी परत देत नाहीत आणि पुढचा डोस ठरल्या दिवशी देतात.

हे मात्र सुरू होण्याआधीच सांगायचं: बाळाला आतडं अडकण्याचा प्रकार आधी झालाय का, आतड्यात जन्मजात काही दोष आहे का, आधीच्या डोसनंतर जोरदार ॲलर्जी आली होती का, आणि बाळाची किंवा आधीच्या भावंडाची प्रतिकारशक्ती जन्मापासून अगदीच नसण्याचा आजार निघालाय का. तो आजार असलेल्या बाळाला ही लस देत नाहीत. गरोदरपणात आईला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती, तर तेही सांगा. वेळेआधी जन्मलेलं बाळ असेल तर ते तब्येतीने ठीक असताना त्याच्या जन्मतारखेपासूनच्या वयानुसार डोस मिळतो, ठरलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजत बसायचं नाही. यात बरीच बाळं उगाच मागे राहतात.

घरी आल्यावर थोडी चिडचिड, एखादी उलटी, एकदोन पातळ शी होऊ शकते, त्याचा बाऊ नको. लसीतला विषाणू काही दिवस शीमधून बाहेर पडतो, त्यामुळे डायपर बदलल्यावर साबणाने हात धुवायचे, घरात कुणाची कीमो चालू असेल किंवा अवयव बदललेला असेल तर त्यांनी डायपर बदलायचं काम दुसऱ्याकडे द्यावं.

आणि पहिल्या दोन डोसांनंतरचा पहिला आठवडा एका गोष्टीवर डोळा ठेवा. बाळ अचानक कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, मग दोनचार मिनिटांनी शांत होतं, थोड्या वेळाने परत तसंच, सोबत उलट्या (हिरवट असतील तर जास्तच काळजी), बाळ मलूल पडतं, शीत रक्त किंवा लालसर शेंबडासारखं काही दिसतं. रक्त दिसायची वाट बघायची नाही, ते उशिरा येतं. लाटा-लाटांनी येणारं असं रडणं दिसलं की सरळ हॉस्पिटल, रात्र असली तरी, आणि गेल्या गेल्या सांगायचं की अमुक तारखेला रोटाची लस दिली आहे. हाच प्रकार लसीशिवायही होतो म्हणून लक्षणं तशीही पाठ असलेली बरी.

जुलाब सुरू झालेच तर: पहिले काही तास

इथे घरातल्या मोठ्यांचं आणि तुमचं पटणार नाही, आधीच सांगतो. कुणी म्हणेल दात येतायत, कुणी म्हणेल दूध बंद करा, कुणी म्हणेल पोटाला आराम द्या. दात येतायत म्हणून दिवसाला दहा पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. दूध बंद करायचं नाही, अंगावरचं तर अजिबात नाही, उलट जास्त वेळा पाजायचं.

ओआरएसचं पाकीट घरात आधीपासून असू द्या. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण लिहिलंय का ते बघा, एक लिटरच्या पाकिटात एकूण २०.५ ग्रॅम पावडर असते, त्यातलं ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम. नावात ओआरएससारखं काहीतरी असलेली गोड पेयं, कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस, यातलं काही ओआरएस नाही. जास्त साखर आतड्यात उलट पाणी ओढून आणते आणि जुलाब वाढतात. ओआरएसची सगळी करामत प्रमाणात आहे, ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आतड्याच्या भिंतीतून आत जातात आणि पाणी त्यांच्या मागे जातं, आणि ही वाट रोटाव्हायरसमध्येही बऱ्यापैकी चालू राहते. म्हणून एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, उकळून गार केलेल्या किंवा पिण्याच्या शुद्ध पाण्यात, पूर्ण एकदम. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकणं हा प्रकार फार होतो आणि तो धोक्याचा आहे, घट्ट झालं तर रक्तातलं सोडियम वाढतं. वरून साखर नाही, मीठ नाही, दुधात मिसळायचं नाही. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं, उरलं तरी.

द्यायचं कसं, यात खरी मेख आहे. तहानलेलं बाळ बाटलीभर गटागटा पितं आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर काढतं, मग घरात घोषणा होते की "ओआरएस पचत नाहीये". पचतंय, पण एकदम दिलंत. पाच मिलीचा छोटा चमचा घ्या, दर एक-दोन मिनिटांनी एक. कंटाळवाणं काम आहे पण हिशोब बघा: दर दोन मिनिटांनी एक चमचा म्हणजे तासाला १५० मिली, चार तासांत ६०० मिली. आणि पाणी कमी पडायला लागलेल्या आठ किलोच्या बाळाला चार तासांत द्यायचं प्रमाण किलोमागे ७५ मिली, म्हणजे नेमकं ६००. सलाईन न लावता, घरातल्या चमच्याने, दोघांनी आळीपाळीने बसून होणारं काम आहे हे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा, अजून हळू. पाणी कमी पडलंय असं वाटत नसेल तर प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ५० ते १०० मिली, बस. अगदी लहान बाळ असेल, सहा महिन्यांच्या आतलं, तर हे चालू ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा, घरी प्रयोग नकोत.

जुलाबात ओआरएससोबत द्यायचं झिंकचं औषध विसरलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस, जुलाब मध्येच थांबले तरी कोर्स पूर्ण. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

जेवणाचं सोपं आहे, वरचं खाणं सुरू असेल तर नेहमीचंच साधं, थोडं थोडं, बऱ्याच वेळा.

काय द्यायचं नाही

जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी औषधं लहान मुलांना नाही. ती आतड्याची हालचाल थांबवतात, आत पाणी साचतं, बाहेर दिसत नाही एवढंच, आणि आईबाप खुश होतात की औषध लागू पडलं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिलं नाही तर "काहीतरी स्ट्राँग द्या ना" असा हट्ट करू नका, ज्यांनी नाही दिलं त्यांनी बरोबर केलंय. आणि मागच्या वेळचं उरलेलं औषध तर नकोच. तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशोबाने. ॲस्पिरिन नाही. उलट्यांचं औषध कधीकधी उपयोगी पडतं पण ते डॉक्टरच ठरवतील. शीची टेस्ट करून रोटाच आहे का बघायचा आग्रहही सहसा फुकट जातो, उत्तर काहीही आलं तरी उपचार तोच.

घाबरायचं कधी

शू हा सगळ्यात प्रामाणिक मीटर. पाण्यासारख्या जुलाबांत शू वेगळी ओळखणं कठीण जातं, म्हणून डायपर बदलताना मुद्दाम बघा. सहा तास शू दिसली नाही, तोंड आणि जीभ कोरडी, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेत, डोक्यावरची टाळू खोलगट दिसतेय, यातलं काहीही दिसलं की डॉक्टर. पोटाची कातडी दोन बोटांत हलकेच चिमटून सोडा, लगेच सपाट झाली तर ठीक, वळी तशीच राहून हळूहळू बसत असेल तर पाणी बरंच कमी झालंय.

आणि हे असेल तर फोनवर चर्चा करत बसू नका, थेट इमर्जन्सी: बाळ झोपाळलंय आणि उठवून उठत नाही, प्यायला येत नाही, पाजलेलं सगळंच उलटतंय, शीत रक्त, हिरवी उलटी, पोट फुगून कडक झालंय, हातपाय गार पडलेत, झटका आला, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप. जाताना रस्त्यातही चमच्याने ओआरएस चालू ठेवा, बाळ जागं असेल आणि गिळत असेल तरच.

घरात पसरू नये म्हणून

साबण आणि पाणी, शी साफ केल्यावर आणि खायला द्यायच्या आधी, नखांच्या बाजूनेसुद्धा. सॅनिटायझर हे बाहेर असतानाचं जुगाड, मळलेल्या हातावर ते नीट काम करत नाही. डायपर बदलायची जागा आधी धुऊन मग ब्लीचच्या पाण्याने पुसा. मोठ्यांनाही हा होतो, बहुतेक वेळा हलका, पण हलका होतो म्हणूनच न कळत दुसऱ्या बाळाला दिला जातो. पाळणाघरात पाठवायची घाई नको, जुलाब-उलट्या पूर्ण थांबून दोन दिवस जाऊ द्या, आणि त्यानंतरही काही दिवस शीतून विषाणू जात असतो हे तिथल्या ताईंना सांगून ठेवा.

बरं झाल्यावर

काही बाळांना आतड्याची भिंत भरून येईपर्यंत दुधातली साखर नीट पचत नाही, मग दूध प्यायलं की फेसाळ, आंबूस वासाची पातळ शी होते आणि बूड लाल होतं. बहुतेकांचं एकदोन आठवड्यांत आपोआप ठीक होतं, अंगावरचं दूध त्यासाठी तोडायचं नाही. जुलाब १४ दिवसांच्या पुढे गेले किंवा वजन उतरतंय असं वाटलं तर परत दाखवा.

लसीचे डोस अर्धवट असताना रोटाव्हायरस होऊन गेला, तर "आता झालाच ना, मग लस कशाला" असं करू नका. रोटाव्हायरसचे बरेच प्रकार आहेत आणि एका लागणीने मिळालेलं संरक्षण अर्धवट असतं, म्हणून राहिलेले डोस पूर्ण करायचे. फक्त जोरदार जुलाब-उलट्या चालू असताना त्या दिवशी डोस घेत नाहीत, बाळ सावरलं की लगेच जायचं, आणि जाताना कार्डावर लिहिलेली ती शेवटची तारीख एकदा बघून निघायचं.